सव्वापाचची जळगाव गाडी

झुलाल बडगुजर चोपड्याच्या बसस्थानकावर कंट्रोलर होता, तोवर सव्वापाचची जळगाव गाडी एक दिवस सोडला तर कधी उशिरा सुटली नाही. बाकीच्या गाड्यांचं असं नव्हतं. शिरपूरच्या गाडीला कोणाची म्हातारी मागे राहिली असेल, यावलच्या गाडीच्या टपावर कोणाचं पोतं चढवायचं असेल, तर झुलाल केबिनच्या खिडकीतून हात दाखवायचा आणि ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून थांबायचा. सव्वापाचच्या जळगावला ती सवलत नव्हती. मोठा काटा तीनवर टेकला की तो कंडक्टरच्या कागदावर वेळ टाकून सही करायचा आणि म्हणायचा, "सोड."

कारण त्या गाडीला वाणी मॅडम यायच्या. कुंदाबाई वाणी, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या. घर जळगावला, नोकरी चोपड्याला. त्यांचं प्रॅक्टिकल पाचला सुटायचं, मुलांनी सामान जागेवर ठेवल्याशिवाय त्या प्रयोगशाळेला कुलूप लावायच्या नाहीत आणि कॉलेज ते स्टँड चांगली पंधरा मिनिटांची चाल. त्या फाटकातून आत शिरायच्या तेव्हा बऱ्याचदा गाडी फाटकाबाहेर वळत असायची. मग पुढची गाडी साडेसहाला. मॅडम बाकावर बसायच्या, पिशवीतून वर्तमानपत्र काढायच्या. त्यांनी तक्रार कधी केली नाही आणि झुलालने खिडकी कधी बंद केली नाही. त्या बसलेल्या त्याला बघायच्या असायच्या.

हे वैर एक्याण्णव सालचं.

झुलाल कंडक्टरचा कंट्रोलर झालेला माणूस. स्वतः मॅट्रिकपुढे गेला नाही, पण थोरली मंजुळा शाळेपासून पहिली यायची. ती हुशार आहे याबद्दल गावात दुमत नव्हतं, वाणी मॅडमचंही नव्हतं. पोरगी डॉक्टर होणार हे झुलालने ती नववीत असतानाच ठरवून टाकलं होतं आणि स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरला ते माहीत होतं. तिच्या अभ्यासासाठी त्याने घरात रेडिओ लावणं बंद केलं होतं, पाहुण्यांना तो जेवायला घालून ओसरीवरूनच वाटेला लावायचा.

त्या काळी डॉक्टरकीला वेगळी परीक्षा नव्हती. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून जे गुण पडतील त्यांवर नंबर लागायचा. लेखी पेपर बोर्ड तपासायचं, पण प्रॅक्टिकलचे गुण कॉलेजातल्या कॉलेजात ठरायचे. बाहेरून एक परीक्षक यायचा, चहा-पोहे घ्यायचा, टेबलांमधून एक चक्कर मारायचा आणि सही करायचा. अशीही कॉलेजं होती की तिथल्या पोरांना प्रयोगशाळेचं दार कोणत्या बाजूला उघडतं ते सांगता आलं नसतं, पण गुण पैकीच्या पैकी. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

मंजुळाला सोनोमीटरचा प्रयोग आला. लाकडी पेटीवर ताणलेली तार, तिच्यावर कागदाची इवलीशी घडी ठेवायची, ट्यूनिंग फोर्क आपटून पेटीला टेकवायचा. तारेची लांबी बरोबर जमली की कागद थरथरतो आणि उडून पडतो. मंजुळाचा कागद पडेना. वेळ चालला होता. वर्षभर वापरलेल्या फोर्कचं उत्तर तिला पाठ होतं, तिने त्यावरून उलटं गणित केलं आणि लांब्यांचे आकडे लिहून टाकले. सगळे तेच करायचे. पण मॅडमनी त्या दिवशी दुसरा फोर्क ठेवला होता. तिचे आकडे जुन्या फोर्कशी तंतोतंत जुळत होते आणि हातातल्या फोर्कशी एकही जुळत नव्हता.

बाहेरचा परीक्षक म्हणाला, "द्या हो मॅडम, हुशार मुलगी आहे." मॅडमनी पाच गुण कमी दिले.

ऑगस्टात धुळ्याच्या सरकारी मेडिकलचे प्रवेश झाले. मंजुळाचा नंबर दोन गुणांनी हुकला.

दुसऱ्या दिवशी झुलाल खाकी गणवेशातच कॉलेजात गेला. प्रयोगशाळेत मॅडम एकट्याच होत्या, कपाटातल्या वस्तू पुसून ठेवत होत्या.

"तुम्ही माझ्या मुलीचे पाच गुण कापले," तो म्हणाला.

"कापले नाहीत. दिले नाहीत."

"दोन गुणांनी मेडिकल गेलं तिचं."

"कळलं मला. वाईट झालं."

"वाईट झालं म्हणून मोकळं होता येतं का? बाहेरचे साहेब द्या म्हणत होते."

"म्हणत होते. पण सही मलाही करायची होती. तिने प्रयोग केला नाही, झुलालभाऊ. आकडे लिहिले."

"आणि बाकीच्या कॉलेजांत प्रयोग करतात? यादीत मनी पोरना पुढे जे लागले, त्यांनी केला व्हता?" रागात त्याची बोली तोंडात आली.

मॅडमनी हातातलं फडकं घडी घालून ठेवलं. "नसेल केला. माझ्यासमोर ते नव्हते, ही होती."

झुलालला या वाक्याचा पुढे कित्येक वर्षं राग येत राहिला. ते खोटं असतं तर त्याला काहीतरी करता आलं असतं. त्याने प्राचार्यांकडे अर्ज दिला, संस्थेच्या चेअरमनला भेटला, बोर्डाला लिहिलं. कुठूनच काही झालं नाही. दुसऱ्या कॉलेजांनी जास्त गुण दिले म्हणून इथेही द्यायला हवे होते, हे लिहून देता येईना आणि लिहिलं तर वाचून घेणारा कोणी नव्हता.

घरी मंजुळाने एकदाच सांगितलं, "आबा, मॅडम खरं बोलतात. मी आकडे बनवले होते."

"गप बस."

भागाबाई, त्याची बायको, चुलीजवळून म्हणाली, "पोर सोता सांगी ऱ्हायनी ना. मंग तुम्ही कशाले भांडी ऱ्हायनात?"

"चूक बठ्ठासनी व्हती," झुलाल म्हणाला. "मार फक्त मनी पोरले."

मंजुळा बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली. नरडाण्याच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या मुलाशी तिचं लग्न झालं आणि तिकडच्याच शाळेत ती शिकवायला लागली. तिचं बरं चाललं होतं. पण माहेरी आली की स्टँडवर कोणी ना कोणी भेटायचं आणि झुलाल तिची ओळख करून द्यायचा, "ही आमची मंजुळा. दोन गुणांनी डॉक्टर व्हायची राहिली." एकदा तिने सगळ्यांच्या देखत सांगितलं, "माझ्या नावामागे ते दोन गुण लावत जाऊ नका. मी शिक्षिका आहे." झुलालला तो अपमान वाटला. पुढच्या वेळी त्याने तेच सांगितलं, फक्त ती जरा लांब गेल्यावर.

सव्वापाचच्या गाडीचं सुरू झालं ते त्याच पावसाळ्यात. पहिल्यांदा मॅडम फाटकाशी दिसल्या आणि कंडक्टरने घंटीची दोरी धरून ठेवली, तेव्हा झुलाल खिडकीतून म्हणाला, "वेळ झाली. नियम म्हणजे नियम." मॅडमनी ऐकलं. तो ऐकवायलाच बोलला होता. त्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्याला घरी भाकरी गोड लागली.

मग ते रोजचं झालं. त्याने खोटं काही केलं नाही. फलाट चुकीचा सांगितला नाही, वेळेआधी गाडी सोडली नाही. कोणी साहेब आला असता तर त्याला एक बोट ठेवायला जागा मिळाली नसती, याचा झुलालला अभिमान होता. गावातही मॅडमबद्दल त्याच्यासारखं बोलणारे वाढत गेले. दर वर्षी कोणाचा तरी मुलगा तीन गुणांनी, चार गुणांनी राहायचा. पालकसभेत एक बाप त्यांना म्हणाला, "तुमच्या खरेपणाचं भाडं आमची पोरं भरतात." कोणी त्यांच्या वर्गातून मुलं काढून घेतली. संस्थेने त्यांना दोन वर्षं फक्त अकरावी दिली आणि मग दुसरं कोणी मिळेना म्हणून बारावी परत दिली. मॅडम होत्या तशाच राहिल्या. बोलायला कोरड्या, हसायला महाग, गुणांना चिकट.

पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात एक दिवस मॅडम धावत आल्या. त्यांना धावताना कोणी पाहिलं नव्हतं. पदर खांद्यावरून सुटलेला, हातात पिशवीसुद्धा नाही. गाडी नुकतीच हलली होती. झुलालने त्यांना पाहिलं आणि कंडक्टरला हाताने पुढे जायची खूण केली. पण गाडीवर मोतीलाल होता, पंचवीस वर्षं नोकरी झालेला जुना ड्रायव्हर. त्याने फाटकाबाहेर रस्त्यात गाडी उभी केली, मॅडम चढल्या आणि मग तो गेला.

झुलालने रिपोर्ट लिहिला. थांबा नसलेल्या जागी गाडी उभी केली, रहदारीला अडथळा. मोतीलालला आगाराने मेमो दिला.

दुसऱ्या दिवशी मोतीलाल केबिनमध्ये आला. "त्यांच्या यजमानांना छातीत कळ आली होती, भाऊ. जळगावला दवाखान्यात नेलं होतं. कॉलेजात फोन आला."

"मला कसं माहीत असणार?"

"माहीत नव्हतं हे मान्य. पण बाई धावत होती ते दिसत होतं ना?"

झुलालने रजिस्टर पुढे ओढलं. मॅडमचे यजमान वाचले. मोतीलालने त्यानंतर झुलालच्या केबिनमधला चहा प्यायला नाही, सही घ्यायला आला तर दारातूनच कागद पुढे करायचा.

धाकटी प्रमिला दहावी झाली तेव्हा झुलालने एकच गोष्ट पक्की केली, हिला वाणी मॅडमच्या हाताखाली जाऊ द्यायचं नाही. नदीपलीकडे एका खेड्यात नवं ज्युनिअर कॉलेज निघालं होतं. इमारत पत्र्याची, शिक्षक आठवड्यातून दोनदा येणारे, पण प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी आणि लेखी परीक्षेचं सेंटरही ढिलं. झुलालने तिथे नाव घातलं. प्रमिला म्हणाली, "आबा, तठे शिकवतस नहीत." तो म्हणाला, "शिकायचं घरी. तिथे फक्त गुण घ्यायचे." त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. जगाचे नियम त्याला एकदा उशिरा कळले होते, या वेळी वेळेवर कळले होते.

प्रमिला बारावीला बसली आणि त्याच वर्षी, नव्याण्णव साली, सरकारने नियमच बदलला. मेडिकलचा नंबर आता बारावीच्या गुणांवर लागणार नव्हता. बारावी नुसती पास व्हायची, ठरलेले टक्के मिळवायचे. नंबर लागणार तो सगळ्या राज्याची मिळून एक वेगळी प्रवेश परीक्षा व्हायची होती, तिच्यावर. एका प्रश्नाला चार उत्तरं, बरोबर असेल त्यापुढचा गोल काळा करायचा.

झुलालने बातमी केबिनमध्ये उभ्याने वाचली. मग बसून परत वाचली.

स्टँडवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. प्रकाशचंद जैन, धान्याचे व्यापारी, त्यांचा मुलगा अखिल भारतीय प्रवेश परीक्षेसाठी आधीपासूनच पुण्याला क्लासला होता. ते म्हणाले, "चांगलं झालं. सगळ्यांना एकच पेपर. कोणाच्या मास्तरच्या मर्जीवर काही राहिलं नाही."

"पेपर एक आहे, शेठ," झुलाल म्हणाला. "क्लास एक आहे का? तुमचा पोरगा दोन वर्षं पुण्यात फक्त गोल काळे करायला शिकतोय. आमच्या पोरीने तो पेपर डोळ्यांनी पाहिला नाही."

"मग तुम्हीही पाठवायचं होतं. तुम्ही तर तिला नदीपलीकडे पाठवलं."

आजूबाजूचे हसले. झुलालच्या हातातली पेन्सिल मोडली. त्याला सरकारचा राग आला, प्रकाशचंदचा आला, आणि सगळ्यात जास्त वाणी मॅडमचा आला. हा नियम आठ वर्षं आधी आला असता तर त्या बाईच्या पाच गुणांना कोणी विचारलं नसतं आणि मंजुळा आज डॉक्टर असती. आता आला, तर फुकटचे गुण निरुपयोगी करून तो त्या बाईच्या बाजूने आला.

रविवारी मंजुळा नरडाण्याहून आली. तिने प्रमिलाला फिजिक्सचे काही प्रश्न घातले. प्रमिलाला पहिले सहा आले नाहीत, सातवा तिने विचारूच दिला नाही. मंजुळा ओसरीवर आली आणि म्हणाली, "आबा, हिला काहीच शिकवलेलं नाही. दोन महिने आहेत. वाणी मॅडमकडे पाठवा."

"त्या बाईच्या दारात मी जाणार नाही."

"मग नका जाऊ. पण हिचं वर्ष गेलं तर आणखी आठ वर्षं कोणाला शिव्या देणार, ते आत्ताच ठरवून ठेवा."

दोन दिवस झुलालने सव्वापाचची गाडी वेळेवर सोडली. तिसऱ्या दिवशी सव्वापाच झाले, कंडक्टर कागद घेऊन उभा राहिला आणि झुलालने सही केली नाही. "थांब जरा," तो म्हणाला. कंडक्टरला वाटलं, चुकीचं ऐकलं. पाच-वीस झाले. गाडीतले लोक ओरडायला लागले. मग फाटकातून मॅडम आल्या. त्यांनी उभी गाडी पाहिली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि सरळ बाकाकडे जाऊन बसल्या. वर्तमानपत्र काढलं.

झुलाल केबिनमधून उठून बाहेर आला. आठ वर्षांत तो त्या बाकापर्यंत आला नव्हता.

"मॅडम, गाडी उभी आहे."

"दिसतंय. वेळ झाली ना? सोडा तिला. नियम म्हणजे नियम."

"तुमच्यासाठी थांबवलीय."

"मी सांगितलं नव्हतं. माझी गाडी साडेसहाची."

पन्नास माणसं खिडक्यांतून बघत होती. झुलाल खाली मान घालून म्हणाला, "माझी धाकटी यंदा त्या परीक्षेला बसतेय. तिला शिकवाल का?"

"कोणत्या कॉलेजात होती?"

त्याने नाव सांगितलं.

"म्हणजे प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी असतील."

त्याने होकाराची मान हलवली.

"हुशार आहे?"

"अकरावीच्या लेखीतही नव्वदच्या वर..."

"गुण नाही विचारले. हुशार आहे का, ते विचारलं."

मंजुळाबद्दल कोणी विचारलं असतं तर तो झोपेत बोलला असता. प्रमिलाला त्याने कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. तिला त्याने सुखरूप एका जागी नेऊन ठेवलं होतं, एवढंच.

मॅडमनी वर्तमानपत्र घडी केलं. "ती परीक्षा म्हणजे मला मोठी वाटते असं समजू नका. चारातलं एक उत्तर ओळखायचं, त्यात तार नाही, फोर्क नाही, हाताला काही लागत नाही. ज्यांना ओळखायची सवय लावलीय ते पुढे जातील. पण तुमच्या मुलीला तीही सवय नाही आणि दुसरंही काही नाही. दोन वर्षांचं दोन महिन्यांत होत नाही." त्यांनी ते पिशवीत टाकलं. "आणि होत असतं, तरी तुमच्या सांगण्यावरून मी केलं नसतं. पंच्याण्णवच्या डिसेंबरात मी त्या फाटकातून धावत आले होते. तुम्ही माझ्याकडे बघून हात केला होता. त्या मोतीलालने थांबवली म्हणून मी पोचले."

"मला माहीत नव्हतं काय झालंय ते."

"मंजुळाचं दोन गुणांनी जाईल, हे मलाही माहीत नव्हतं. म्हणून तुम्ही मला सोडलंत का?"

झुलाल वळला. केबिनमध्ये जाऊन त्याने कागदावर वेळ टाकली, पाच-अठ्ठावीस. उशिराचं कारण लिहायच्या जागेत त्याने काही लिहिलं नाही.

बारावीच्या निकालात प्रमिला त्या कॉलेजात पहिली आली. प्रवेश परीक्षेच्या निकालात तिचं नाव इतकं खाली होतं की झुलालने शोधणं मध्येच सोडलं. प्रकाशचंदचा मुलगा लागला. वाणी मॅडमच्या वर्गातला एक लागला, आणि जे त्यांना कंजूस म्हणत होते तेच त्या एकाचं नाव सांगत हिंडू लागले. बाकीची त्यांचीही मुलं राहिली, ते कोणी मोजलं नाही.

त्या संध्याकाळी प्रमिला ताटावरून उठली. "माले त्या कॉलेजमा कोणी टाकं, आबा?"

"तुनाकरता करं मी."

"मनाकरता नही. त्या बाईकरता करं." ती आत गेली आणि दार लावून घेतलं. भागाबाईने झुलालच्या ताटात वाढायचं थांबवलं नाही, पण ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

जुलैत सव्वापाचच्या गाडीला मॅडम यायच्या बंद झाल्या. त्या सहा-वीसला सावकाश चालत यायच्या आणि साडेसहाची गाडी धरायच्या. झुलालने दोन आठवडे पाहिलं, मग कॉलेजच्या शिपायाला विचारलं.

"तुमच्या प्रमिलाला शिकवतात ना रोज, प्रॅक्टिकल सुटल्यावर," शिपाई म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नाही?"

प्रमिला आपली आपण गेली होती. मॅडमनी विचारलं होतं, वडिलांनी पाठवलं का. ती म्हणाली, त्यांना विचारलंही नाही. मॅडम म्हणाल्या, मग बस. हे तिने मंजुळाला सांगितलं, मंजुळाने आईला, आणि भागाबाईने झुलालला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला. झुलालने ही शिकवणी बंद पाडायचा विचार केला. पण कोणत्या तोंडाने, हे त्याला सुचेना. सव्वापाचची गाडी तो अजूनही वेळेवर सोडत होता, आणि ती चुकायला आता कोणी नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात प्रमिला पुन्हा परीक्षेला बसली. वर आली, पण मेडिकलपर्यंत नाही. धुळ्याला औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला तिला जागा मिळाली. मंजुळा तिला पोचवायला आली होती. भागाबाईने दोघींच्या हातावर साखर ठेवली.

झुलाल ओसरीवर बूट घालत होता. "एवढं वर्ष घातलं त्या बाईकडे," तो म्हणाला, "आणि डॉक्टर तर नाहीच झाली."

"नाही झाले," प्रमिला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच झुलालला जास्त लागलं. त्याला आणखी काही बोलायचं होतं, धुळ्यात नीट राहा, पोचल्याचं कळव, असं काहीतरी. पण तोंडातून पुन्हा तेच निघालं, "पाच गुण दिले असते तेव्हा, तर..."

मंजुळाने बॅग उचलली. "चल," ती बहिणीला म्हणाली. झुलाल दुसऱ्या बुटाची नाडी बांधत होता, तोवर दोघी गल्लीच्या कोपऱ्यावर पोचल्या होत्या. त्याच्यासाठी त्या थांबल्या नाहीत.